आईने दिलेली पॉवर ऑफ अटर्नी रद्द करायची असेल, तर

वडील गेल्यानंतर अनेक घरांत आईचे व्यवहार एका मुलाच्या हाती येतात. तिला बँकेचा जिना चढवत नाही, सोसायटीच्या पुनर्विकासाच्या कागदांवर सह्या हव्या असतात, गावच्या शेतीचा हिशेब कुणीतरी बघायला हवा असतो. मग जवळ राहणाऱ्या थोरल्याच्या नावाने कुलमुखत्यारपत्र होतं, म्हणजे सगळे म्हणतात ती पॉवर ऑफ अटर्नी. त्या दिवशी कुणाची तक्रार नसते. एफडी मोडल्याचं धाकटीला उशिरा कळतं, किंवा फ्लॅट बघायला गिऱ्हाईक येऊन गेल्याचं शेजारच्या काकू फोनवर सांगतात, तेव्हा ती सुरू होते. नाशिकची बहीण म्हणते, पॉवर रद्द करा. न्यू जर्सीतला भाऊ म्हणतो, आम्हा तिघांच्या नावावर करा. थोरला म्हणतो, इतकी वर्षं मी केलं तेव्हा तुम्ही कुठे होतात? आणि जिचा कागद आहे त्या आईला कुणी शांतपणे बसून विचारलेलं नसतं.

कायद्याच्या दृष्टीने मात्र या खोलीत निर्णय घेण्याचा अधिकार एकटीलाच आहे, आणि ती आई आहे. पुढचं सगळं समजून घ्यायला हे एकच कुटुंब डोळ्यांसमोर ठेवू.

मुखत्यारपत्राचा पाया 1872च्या भारतीय करार कायद्यात आहे. त्याचं दहावं प्रकरण मालक आणि त्याच्या वतीने काम करणारा प्रतिनिधी यांच्या नात्याबद्दल आहे. मुखत्यारपत्रासाठी 1882चा वेगळा कायदाही आहे, पण तो लहानसा आहे. रोजच्या भांडणांची बहुतेक उत्तरं करार कायद्यात सापडतात. मुखत्यारपत्र देऊन आई आपली मालमत्ता मुलाला देत नाही. माझ्या वतीने सही कर, एवढंच सांगते. मालकी तिचीच राहते, आणि पॉवर दिल्यानंतरही ती स्वतः बँकेत जाऊन सही करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलं की मुखत्यारपत्राने स्थावर मालमत्तेची मालकी जात नाही. त्यामुळे ‘आईने फ्लॅट माझ्या नावावर केलाय, माझ्याकडे पॉवर आहे’ हे वाक्य चुकीचं आहे, ते कितीही ठामपणे म्हटलं तरी.

पॉवर देताना आईला बाकीच्या मुलांची संमती लागत नव्हती, तशीच ती काढून घेतानाही लागत नाही. थोरल्याचीही लागत नाही. उलट बाजूने पाहिलं, तर बहीण-भावांनी मिळून थोरल्याला वकिलाची नोटीस पाठवली, दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाकडे अर्ज दिला, बँकेत तक्रार केली, तरी आईचं मुखत्यारपत्र तेवढ्याने रद्द होत नाही. आई हयात असताना तिच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलांना वारसाहक्काची फक्त आशा असते, हक्क नसतो. बऱ्याच बहिणींना हे ऐकून वाईट वाटतं. पण हाच नियम आईला थोरल्यापासूनही वाचवतो.

एक गोष्ट मात्र आधी तपासा, कारण निम्मी भांडणं तिथेच सुटतात. फ्लॅट खरंच आईचा आहे का? तो वडिलांच्या स्वकष्टाचा असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई आणि तिन्ही मुलं सारख्या वाट्याची वारस होतात. प्रत्येकाचा एक चतुर्थांश. वडिलांची आई हयात असेल तर पाच वाटे. सोसायटीत नॉमिनी म्हणून आईचं नाव लागलं, शेअर सर्टिफिकेटही तिच्या नावावर झालं, तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मुलांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलेलं नसेल, तर आईच्या मुखत्यारपत्रावर थोरला फार तर आईचा वाटा विकू शकतो. बहिणीचा वाटा तिच्याच सहीने जाईल. अशा घरात बहिणीने पॉवर रद्द करण्यामागे लागण्याआधी जुनं खरेदीखत काढून वाचावं.

रद्द कसं करायचं

आईला समजतंय आणि तिची इच्छा आहे, असं धरून चालू. मूळ मुखत्यारपत्र कसं केलं होतं ते आधी पाहायचं. ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेलं असेल तर त्यावर दस्त क्रमांक आणि तारीख असते. मूळ कागद थोरल्याकडे असला आणि तो देत नसला तरी अडत नाही, नोंदणी कार्यालयातून प्रमाणित नक्कल मिळते. नुसतं नोटरीसमोर केलेलं असेल तर नोटरीचं नाव आणि त्याच्या रजिस्टरमधला क्रमांक शोधायचा.

मग मुखत्यारपत्र रद्द केल्याचा लेख करायचा. त्यात मूळ कागदाची तारीख आणि दस्त क्रमांक, कुणाला कोणते अधिकार दिले होते, ते आज काढून घेत आहे हे वाक्य, आणि मूळ प्रत व तिच्या नकला परत करण्याची मागणी एवढं पुरे. कारण लिहायलाच हवं असं नाही. माझ्या मते तर लिहूच नये. ‘मुलाने फसवलं’ असं लिहिलं की ते सिद्ध करण्याची जबाबदारी आईच्या गळ्यात पडते आणि परतीची वाटही बंद होते. ‘यापुढे माझे व्यवहार मी स्वतः पाहणार आहे’ हे वाक्य पूर्ण खरं असतं आणि त्यावर कुणाला भांडता येत नाही.

कायद्यानुसार आईने स्वतःच्या वागण्यातूनही अधिकार काढून घेतल्याचं दिसू शकतं. पण दस्त नोंदवलेला असेल तर तो रद्द करणंही नोंदवूनच करावं. नाहीतर उद्या कुणी नोंदणी कार्यालयात शोध घेतला तर त्याला मुखत्यारपत्र दिसेल, रद्द झाल्याचं दिसणार नाही. मुद्रांकाचा खर्च मोठा नाही. ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात अशा बहुतेक किरकोळ दस्तांना 500 रुपयांचा मुद्रांक लागतो. आई अंथरुणाला खिळलेली असेल तर नोंदणी कायद्यात तिच्या घरी येऊन दस्त नोंदवण्याची सोय आहे. त्यासाठी अर्ज, आजारपणाचा दाखला आणि ठरलेली फी भरावी लागते. ‘तिला कार्यालयात नेता येत नाही, म्हणून काही करता येत नाही’ हे कारण खरं नाही.

इथवर बहुतेक लोक बरोबर येतात, आणि इथेच थांबतात. रद्द केल्याचा नोंदवलेला लेख कपाटात ठेवून निश्चिंत होतात.

कागदापेक्षा खबर मोठी

करार कायद्याचं कलम 208 सांगतं की अधिकार काढून घेतल्याचा परिणाम प्रतिनिधीवर होतो तो त्याला कळल्यावर, आणि बाहेरच्या माणसांवर होतो तो त्यांना कळल्यावर. कायद्याने यासाठी दिलेलं उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे. मद्रासमधला एक मालक मुंबईच्या गोदामातला आपला कापूस विकायला प्रतिनिधीला पत्राने सांगतो. नंतर दुसरं पत्र पाठवतो, विकू नकोस, कापूस इकडे पाठव. प्रतिनिधीला दुसरं पत्र मिळतं, तरी तो कापूस विकतो. घेणाऱ्याला पहिलं पत्र माहीत असतं, दुसरं नसतं. तो पैसे देतो आणि प्रतिनिधी ते घेऊन पळून जातो. कायदा म्हणतो, घेणाऱ्याने दिलेले पैसे मालकावर बंधनकारक आहेत. म्हणजे नुकसान मालकाचं.

कापसाच्या जागी फ्लॅट ठेवा. आईने सोमवारी पॉवर रद्द केली. गुरुवारी थोरल्याने अशा माणसाकडून बयाणा घेतला, ज्याने मुखत्यारपत्र पाहिलंय आणि रद्द झाल्याचं त्याला माहीत नाही. आता आईला थोरल्याशीच नाही, तर प्रामाणिकपणे पैसे दिलेल्या एका परक्या कुटुंबाशीही झगडावं लागेल. आणि त्या कुटुंबाची बाजू कमकुवत नसेल.

म्हणून रद्द केल्याच्या त्याच दिवशी खबर द्यायची. थोरल्याला आईच्या सहीची नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने, शिवाय व्हॉट्सॲप आणि ई-मेलवर. आईची जिथे जिथे खाती आहेत त्या प्रत्येक बँकशाखेला रद्द केल्याच्या लेखाची प्रत, आणि आपल्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख. सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्र. शेती असेल तर तलाठ्याला. भाडेकरू असेल तर त्याला, कारण पुढच्या महिन्याचं भाडं कुणाच्या हातात द्यायचं हे त्याला कळायला हवं. पोस्ट खातं, म्युच्युअल फंड, शेअर दलाल, आयकराचं काम बघणारे सीए, कोर्टात एखादा दावा चालू असेल तर तिथले वकील. पुनर्विकास सुरू असेल तर विकासकाला सगळ्यांत आधी. ज्या दुय्यम निबंधकाकडे मूळ दस्त झाला त्याच्याकडेही अर्ज देऊन पोच घ्यावी. पण तेवढ्यावर विसंबू नये, कारण मोठ्या शहरात दस्त दुसऱ्या कार्यालयातही नोंदवता येतो आणि तिथल्या अधिकाऱ्यासमोर आईचं पत्र नसेल.

राहिली अनोळखी माणसं. त्यांच्यासाठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात, एक मराठी आणि एक इंग्रजी, मालमत्ता ज्या भागात आहे तिथे खपणाऱ्या. ‘आमच्या अशीलाने अमुक दस्त क्रमांकाचे कुलमुखत्यारपत्र रद्द केले असून त्याआधारे कोणीही व्यवहार करू नये’ अशा मजकुराच्या चौकटी आपण रोज पाहतो आणि पान उलटतो. घर घेणाऱ्याचा वकील मात्र त्या वाचतो. घरातलं भांडण चव्हाट्यावर येईल म्हणून आई याला कचरते, ते मी समजू शकतो. पण नोटिशीत भांडण लिहायचं नसतं. दस्त क्रमांक, मालमत्तेचं वर्णन आणि रद्द केल्याची तारीख, बस.

महाराष्ट्रात आणखी एक कुंपण आहे. मुखत्यारपत्राच्या आधारे कुणी दस्त नोंदवायला आला की त्याला दस्तासोबत एक घोषणापत्र जोडावं लागतं. मुखत्यारपत्र लिहून देणाऱ्याने ते रद्द केलेलं नाही, लिहून देणारी व्यक्ती मयत नाही, आणि हे कथन खोटं निघालं तर नोंदणी कायद्याच्या कलम 82 प्रमाणे मी शिक्षेस पात्र राहीन, असा त्याचा आशय असतो. त्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रद्द केल्याची नोटीस हातात पडल्यावर थोरला या घोषणापत्रावर सही करत असेल, तर तो फक्त आईशी नाही, सरकारी कार्यालयासमोर खोटं बोलतोय. हे त्याला वेळेवर, शांतपणे सांगितलं तर बरेच अविचार टळतात.

‘ही पॉवर रद्द होतच नाही’

कागदाच्या माथ्यावर ‘इरिव्होकेबल’ किंवा ‘अपरिवर्तनीय’ असं छापलेलं असतं आणि थोरला ते दाखवतो. त्या शब्दाला एकट्याने काही किंमत नाही. करार कायद्याचं कलम 202 म्हणतं की ज्या मालमत्तेबद्दल अधिकार दिला तिच्यात प्रतिनिधीचा स्वतःचा हितसंबंध असेल, तर तो हितसंबंध बुडेल अशा रीतीने अधिकार काढून घेता येत नाही. हितसंबंध म्हणजे काय? आईने मुलाकडून वीस लाख कर्ज घेतलं आणि ही जमीन विकून त्यातून तुझे पैसे फेडून घे, असा अधिकार दिला, तर तो हितसंबंध. ‘मी तिची सेवा केली’ हा हितसंबंध नाही. ‘पुढेमागे मलाच मिळणार आहे’ हा तर नाहीच. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की मुखत्यारपत्राचं नाव काय आहे यावर नाही, आतला मजकूर काय सांगतो यावर ते रद्द होण्याजोगं आहे की नाही हे ठरतं. विकासकाने पैसे मोजून घेतलेलं मुखत्यारपत्र हा वेगळा विषय आहे. ते आईच्या एका नोटिशीने उडत नाही, त्यासाठी विकसन करार वाचावा लागतो.

आधी झालेल्या व्यवहारांचं काय? रद्द करणं मागे जात नाही. काल थोरल्याने अधिकारात राहून केलेलं आज पुसलं जात नाही. पण दोन गोष्टी आईच्या हातात उरतात. पहिली, हिशेब. कलम 213 प्रमाणे प्रतिनिधीने मागितल्यावर हिशेब द्यायलाच हवा, आणि आईच्या नावाने आलेला पैसा तिलाच द्यायला हवा. ‘आईला कशाला हिशेब’ हे घरातलं बोलणं झालं. दुसरी, स्वतःशीच केलेला व्यवहार. आईला पूर्ण कल्पना न देता थोरल्याने फ्लॅट आपल्या बायकोच्या नावावर केला असेल आणि त्यात लपवाछपवी असेल किंवा आईचं नुकसान झालं असेल, तर आई तो व्यवहार नाकारू शकते. मुखत्यारपत्राचा अर्थ न्यायालयं काटेकोरपणे लावतात. त्यात विकण्याचा अधिकार लिहिला असेल म्हणून बक्षीसपत्राचा अधिकार आपोआप येत नाही. असा दस्त झालेला असेल तर तो रद्द करून घ्यायला दिवाणी न्यायालयात जावं लागतं आणि त्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते, हकीकत कळल्यापासून. दावा लावला की त्याची नोटीसही नोंदणी कार्यालयात नोंदवून घ्यायची. महाराष्ट्रात ही नोंद नसेल तर दावा चालू असताना मालमत्ता घेणाऱ्याला निकाल बांधत नाही. ही नोंद विसरल्याची किंमत फार मोठी असते.

आईने पूर्वी स्वतःच घर मुलाच्या नावावर करून दिलं असेल, आणि ‘मला सांभाळशील’ या अटीवर दिलं असेल, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007च्या कायद्याचं कलम 23 उपयोगी पडतं. प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात अर्ज करायचा. अशा तरतुदी ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचाव्यात असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये म्हटलं आहे. तिथे कुठून सुरुवात करायची हे कळत नसेल तर 14567 हा ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक आहे.

रद्द न करता बदलायचं असेल तर

प्रत्येक वेळी रद्दच करायला हवं असं नाही. अनेकदा आईचा थोरल्यावर विश्वास असतो, तिला फक्त बाकीच्या दोघांचा ताण नको असतो. मग जुनं रद्द करून अरुंद नवं मुखत्यारपत्र करावं. जुन्याच कागदावर खाडाखोड किंवा जोडपत्र करू नये, कारण त्याच्या जुन्या नकला फिरत राहतात.

सगळे अधिकार एका झटक्यात देणाऱ्या छापील मसुद्याला माझा विरोध आहे. वीजबिल भरायला ज्याची गरज आहे त्याला घर गहाण ठेवण्याचा अधिकार कशासाठी? बँकेचे, दवाखान्याचे, सोसायटीच्या सभांचे अधिकार लिहा. विक्री, बक्षीस, गहाण आणि हक्कसोड हे अधिकार देत नाही असं स्पष्ट लिहा. एखादी मालमत्ता विकायचीच असेल तर तेवढ्यापुरतं खास मुखत्यारपत्र, किमान किमतीसह आणि रक्कम आईच्याच अमुक खात्यात जमा होईल या अटीसह. मुदत घाला, दोन वर्षं म्हणा. दर तीन महिन्यांनी हिशेब तिन्ही मुलांना पाठवायचा ही अट घातली, तर बहिणीला कायद्याने जे विचारता येत नव्हतं ते आईच्या इच्छेने तिला कळू लागतं. माझ्या अनुभवात निम्मा संशय एवढ्यानेच विरतो.

दोघांच्या नावाने पॉवर देताना एका शब्दाकडे नीट पाहा: ‘संयुक्तपणे’ की ‘संयुक्तपणे किंवा स्वतंत्रपणे’. पहिल्यात दोघांच्या सह्या लागतात, दुसऱ्यात कुणाही एकाची चालते. दवाखान्याचं बिल भरायला नाशिकहून बहिणीची सही मागवावी लागली तर आईचेच हाल होतील. म्हणून रोजच्या पैशांसाठी कुणीही एक, आणि स्थावर मालमत्तेला हात लावायचा असेल तर दोघं, अशी विभागणी मला बरी वाटते. तटस्थ माणूस हवा म्हणून एखाद्या स्नेह्याला विक्रीचा अधिकार देण्याआधी मुद्रांक शुल्क विचारा. मुलं, भावंडं, जोडीदार, नातवंडं अशा जवळच्या नातलगाला मोबदल्याशिवाय दिला तर 500 रुपये लागतात. इतर कुणाला दिला तर खरेदीखताइतकं शुल्क लागू शकतं.

आणि काही वेळा मुखत्यारपत्राची गरजच नसते. सही करता न येणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा साक्षीदारांसमोर घेऊन पैसे देण्याची पद्धत बँकांना घालून दिलेली आहे. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा देण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने 2017 साली केली. शाखेत जाऊन लेखी मागणी करा.

आईला आता समजत नसेल तर

हा सगळ्यांत कठीण भाग, आणि इथे गैरसमजही सर्वांत जास्त. न्यू जर्सीतल्या भावाला अमेरिकेतली पद्धत माहीत असते. तिथे माणसाची समज गेल्यानंतरही टिकेल असं मुखत्यारपत्र करता येतं. इंग्लंडमध्येही 2005च्या कायद्याने तशी सोय आहे. भारतात नाही. करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे लिहून देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्र संपतं, जसं ते मृत्यूनेही संपतं. म्हणजे आपण ज्या दिवसासाठी पॉवर करून ठेवतो, नेमक्या त्याच दिवशी ती निकामी होते. बहुतेक कुटुंबांना हे माहीत नसतं, आणि तोच कागद वर्षानुवर्षं वापरला जातो. कुणी आव्हान दिलं तर ते व्यवहार उघडे पडतात.

अशा वेळी बहिणीने रद्द करण्याची धडपड करून उपयोग नाही, कारण संपलेली गोष्ट रद्द करायची नसते आणि आई नवा दस्तही करू शकत नाही. तिला उचलून कार्यालयात नेऊन अंगठा उमटवून घेणं हे तर आईवरच अन्याय करणं आहे, मग ते थोरल्याने करो की धाकटीने. थोरल्यावर मात्र एक कर्तव्य राहतं. कलम 209 त्याला सांगतं की आईचं हित जपायला लागणारी वाजवी पावलं उचल. छप्पर गळतंय ते दुरुस्त कर, औषधांचे पैसे भर. घर विकू नकोस.

घर विकण्यासारखा मोठा निर्णय अटळ असेल तर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. अज्ञान मुलांसाठीचा पालकत्वाचा कायदा इथे चालत नाही. 1987च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची सोय होती. तो कायदा जाऊन 2017चा आला तेव्हा ती सोय गेली. नव्या कायद्यात रुग्ण आपला प्रतिनिधी नेमू शकतो, पण तो मानसिक उपचारांपुरता, पैशांसाठी नाही. ही पोकळी उच्च न्यायालयं आपल्या विशेष अधिकारात भरून काढतात. मुंबई उच्च न्यायालयाने कोमात किंवा गंभीर आजारात असलेल्या रुग्णांसाठी जोडीदाराला किंवा मुलांना असं पालक नेमलेलं आहे. न्यायालय वैद्यकीय अहवाल पाहतं आणि जवळच्या नातलगांचं म्हणणं विचारात घेतं. भावंडांचं एकमत असेल तर काम सोपं होतं. नसेल तर प्रत्येकाचा संशय प्रतिज्ञापत्रावर येतो आणि वेळ जातो.

‘समज गेली’ हे ठरवायचं कसं? डिमेन्शियाचं निदान झालं म्हणजे त्याच दिवशी समज गेली असं नाही. करार कायद्याचं कलम 12 पाहतं ते एवढंच, की हा कागद करताना त्यात काय आहे आणि त्याचा आपल्यावर काय परिणाम होईल हे त्या व्यक्तीला कळत होतं का. एरवी भ्रमिष्ट, पण मध्येच भानावर येणाऱ्या माणसाने भानावर असताना केलेला करार चालतो. सुरुवातीच्या टप्प्यातली आई सकाळी अगदी स्वच्छ बोलते आणि संध्याकाळी गोंधळते. तिला ठरवायचं असेल तर ते सकाळी, आणि लवकर. पुढच्या दिवाळीला सगळे जमू तेव्हा बघू, असं म्हणण्यात तिचा अधिकारच निघून जाऊ शकतो.

आणि असा कागद उद्या प्रश्नाखाली येणारच हे धरून चालावं. ‘बहिणीने चार दिवस आपल्याकडे नेऊन सह्या घेतल्या’ हा आरोप ठरलेला असतो, आणि कधीकधी तो खराही असतो. म्हणून आईचा वकील तिचा स्वतःचा असावा, बहिणीचा नाही. त्याने आईशी एकटीशी बोलावं. फी शक्यतो आईच्या खात्यातून जावी. त्याच दिवशी तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तिला तपासून, तिला काय विचारलं आणि तिने काय सांगितलं यासह दाखला द्यावा. साक्षीदार वारसांपैकी नसावेत. वाटलं तर छोटं चित्रीकरण करावं, पण पढवलेली उत्तरं नकोत. ‘मला थोरल्याचा राग नाही, पण घर विकायचं की नाही ते मी ठरवणार’ असं आई आपल्या शब्दांत म्हणाली, तर तो पुरावा दहा पानी प्रतिज्ञापत्राहून वजनदार ठरतो. ती मुलाकडे अमेरिकेत असताना हे करायची वेळ आली तर भारतीय वाणिज्य दूतावासात किंवा तिथल्या नोटरीसमोर, ॲपॉस्टिलसह (म्हणजे परदेशात कागद ग्राह्य ठरावा म्हणून तिथल्या सरकारने दिलेल्या प्रमाणपत्रासह) लेख करता येतो. तो इथे आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो.

कागद रद्द झाला तरी उघडी दारं

प्रत्यक्षात आज थोरल्याचे हात मुखत्यारपत्रामुळे जेवढे मोकळे असतात त्याहून जास्त आईच्या मोबाइलमुळे असतात. ओटीपी त्याच्याकडे येतात, नेट बँकिंगचा पासवर्ड त्याने ठेवलेला असतो, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात असतं. आईचं आणि त्याचं संयुक्त खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कुणीही एकट्याने चालवायचं असं, असेल तर तो खातेदार म्हणून पैसे काढतो, मुखत्यार म्हणून नाही. रद्द केल्याचा लेख दाखवला तरी बँक त्याला अडवणार नाही. आईने कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ठेवल्या असतील तर त्या वेगळ्या. म्हणून रद्द करतानाच सिम आईच्या ताब्यात, नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि ई-मेल तपासून बदललेले, नवं कार्ड, जुनं चेकबुक रद्द, आणि संयुक्त खात्याच्या पद्धतीत बदल करायचा तर बँकेला लेखी सूचना. लॉकरची किल्ली कुणाकडे आहे तेही विचारा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये मालमत्तेवर अलीकडे काही दस्त नोंदवला गेलाय का हे पाहता येतं. रद्द करण्याआधी एकदा आणि नंतर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहावं.

थोरल्याच्या बाजूनेही एक सांगायलाच हवं, कारण प्रत्येक घरात तो लबाड नसतो. बहुतेक घरांत तो थकलेला असतो. आईच्या रात्रीच्या खोकल्याला उठणारा तोच असतो आणि हिशेब मागणारे फोन लांबून येत असतात. मुखत्यारपत्र सोडून देण्याचा अधिकार त्यालाही आहे. वाजवी मुदतीची लेखी सूचना आईला द्यायची, आणि तोवरचे व्यवहार अर्धवट सोडायचे नाहीत. पॉवर ठेवायची असेल तर आईचा पैसा आणि आपला पैसा कधीही एका खात्यात मिसळू नये. दवाखान्याची बिलं, कामवाल्या बाईंचा पगार, घरपट्टीच्या पावत्या एका फाइलमध्ये असाव्यात, आणि आईसाठी स्वतःच्या खिशातून केलेला खर्चही त्याच वहीत त्या त्या तारखेला लिहावा. कायद्याने आणि मुखत्यारपत्राच्या अटींनी त्याला जे परत मिळायला हवं ते मागायला त्या वहीचाच आधार लागतो, आणि बहिणीने हिशेब मागितला तर त्याच संध्याकाळी तिचे फोटो पाठवता येतात.